गिरिजाक्कांचा डावा तळहात

गिरिजाक्कांविषयी लिहावयास बसलो आणि सवयीने कागदाच्या डाव्या कोपऱ्यात ‘प्रति’ असा शब्द लिहून गेलो. मग थांबलो. आयुष्यभर कचेरीच्या आवारात अर्ज लिहीत आलेल्या माणसाचा हात कुणाला तरी उद्देशल्याखेरीज पुढे सरकत नाही. हा मजकूर मात्र कोठेही दाखल व्हावयाचा नाही; त्यावर शिक्का पडणार नाही, त्याची पोच मिळणार नाही. गेल्या वर्षी गिरिजाक्का आमचे आवार सोडून गेल्या. त्यांच्याविषयी लिहिताना माझ्या हातून घडलेली एक चूक वगळता आली असती. परंतु ती वगळली तर बाकीचे लिहिण्यास काही अर्थ उरत नाही.

कोल्हापुरात कचेरीच्या आवारात जांभळाच्या झाडाखाली आमची दोघांची टेबले शेजारी शेजारी होती. लोक मला रायटर म्हणतात. मी स्वतःस अर्जनवीस म्हणवतो. माझे शाळेचे शिक्षण आठवीपर्यंत झाले. तरीही माझा मसुदा हाती पडल्यावर साहेब लोक खुर्चीत सरळ होऊन बसतात, असा माझा अनुभव आहे. मी मसुदा हाताने लिहावयाचा आणि गिरिजाक्कांनी तो संगणकावर टाइप करावयाचा, अशी आमची वाटणी होती. त्या बी.ए. झालेल्या. माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान. पण कपाळावरच्या भस्माच्या तीन आडव्या रेघा, दोरीने गळ्यात अडकवलेला चष्मा आणि मनगटाच्या आतल्या बाजूस तबकडी ठेवून बांधलेले पुरुषी घड्याळ यांमुळे त्या वडीलधाऱ्या वाटत. आवारातले सगळेच त्यांना अक्का म्हणत. मीही म्हणे.

माझी वाक्ये कापणे हा त्यांचा छंद होता.

“भाऊ, हे वाक्य कुठं संपतंय?”

“अद्याप संपलेले नाही. पुढील पानावर संपते.”

“तवर साहेब रिटायर हुतील की! पाणंद अडवलीया, एवढंच सांगायचं हाय न्हवं? मग अडवलीया म्हणा.”

आणि माझ्या देखत पेन्सिलीने आडवी रेघ. ‘उपरोक्त’, ‘सबब’, ‘सविनय विदित करण्यात येते की’ हे सारे त्या रेघेखाली जाई. मला राग येई. पण अर्ज मंजूर होऊन आला की पक्षकार पेढा त्यांच्या टेबलावर ठेवत, आणि त्या अर्धा मोडून माझ्याकडे सरकवीत.

गिरिजाक्का मूळच्या गडहिंग्लजकडच्या, लिंगायत. त्या बाजूला आईला अव्वा म्हणतात. उत्तरेश्वर पेठेत दोन खोल्यांत या मायलेकी राहत. धाकटा भाऊ गावी शेती पाहत असे. अक्कांनी लग्न केले नव्हते. का, ते मी विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही. अव्वांना मी पूर्वी एकदोनदा आवारात पाहिले होते. ताठ, सावळ्या, ठणठणीत आवाजाच्या. कांदा-लसणाची चटणी घेऊन आल्या होत्या आणि माझ्या टेबलावरचे कागदांचे ढीग पाहून म्हणाल्या होत्या, “एवढं मागून बी लोकांस्नी मिळत न्हाई व्हय काय?”

त्यांच्याकडे प्रत्येकाच्या गळ्यात चांदीच्या लहानशा डबीत इष्टलिंग असते. सकाळी आंघोळ झाली की ते डाव्या तळहातावर घ्यावयाचे आणि उजव्या हाताने त्याची पूजा करावयाची. पूजा झाल्याशिवाय अन्न नाही. अव्वांसारख्या कडक बाईच्या लेखी पाणीसुद्धा नाही. मी मराठा, शेतकऱ्याच्या घरचा. आमच्याकडे देव देव्हाऱ्यात असतो आणि आपण आपल्या कामात असतो. देव तळहातावर असणे म्हणजे काय, हे मला अव्वा आजारी पडेपर्यंत समजलेले नव्हते.

एका सकाळी पूजा चालू असताना अव्वांचा डावा हात आपोआप खाली गेला आणि लिंग फरशीवर पडले. गिरिजाक्का चुलीपासून धावत आल्या तेव्हा अव्वा उजव्या हाताने फरशी चाचपडत होत्या आणि “पडलं गं, पडलं गं” एवढेच म्हणत होत्या. दवाखान्यात नेईपर्यंत डावी बाजू पूर्ण गेली होती. जीव वाचला, वाचाही शाबूत राहिली. पुढे काही महिन्यांनी पायात थोडे बळ आले, काठीने मोरीपर्यंत जाता येऊ लागले. डावा हात मात्र कोपरात दुमडलेला आणि मूठ आवळलेली, अशी आवळलेली की नखे तळहातात रुतत.

अव्वांनी मनाशी एक गोष्ट पक्की धरली. लिंग हातून पडले, म्हणून शिवाने हात काढून घेतला.

“अव्वा, आधी हात गेला. हात गेला म्हणून लिंग पडलं,” गिरिजाक्का सांगत.

“तू हुतीस तितं? मी हुते.”

हे उत्तर अक्कांनी मला किती वेळा सांगितले असेल! सांगताना त्या हसत, पण हसणे डोळ्यांपर्यंत जात नसे. कारण या समजुतीतून अव्वांनी एक अट काढली होती: ज्या तळहातावरून लिंग पडले त्याच तळहातावर ते परत बसेल, तेव्हाच आपण बऱ्या झालो. चालता आले, बोलता आले, हे त्यांच्या खिजगणतीत नव्हते. आणि रोजची पूजा? तोवर ती गिरिजाक्कांनी अशी जमवली होती की अव्वांची मिटलेली मूठ आपल्या मांडीवर घ्यायची, तिच्याखालून स्वतःचा डावा तळहात पुढे करायचा, लिंग त्यावर ठेवायचे आणि अव्वांनी आपल्या उजव्या हाताने पूजा करायची.

त्यानंतर मूठ उघडण्याचे काम. फिजिओच्या मॅडम आठवड्यातून दोनदा येत. बाकीचे दिवस गिरिजाक्का. कोमट पाण्यात हात बुडवून एकेक बोट हळूहळू सोडवायचे आणि मुठीत काहीतरी धरवून ठेवायचे, म्हणजे ती पुन्हा पूर्ण मिटत नाही. पहिल्यांदा रुमालाची गुंडाळी. मग दोन रुमालांची. मग पंच्याची. सकाळी त्या टेबलाशी आल्या की पर्स ठेवण्याआधी सांगत, “भाऊ, आज पंचा मावला.” मीही पक्षकारांसमोर गंभीरपणे मान हलवून, “उत्तम प्रगती आहे,” असे म्हणे. एकदा एका पक्षकाराला वाटले, त्याच्याच कामाची प्रगती झाली.

“हुतंय की,” हा त्यांचा शब्द. कुणाचा अर्ज सहा महिने अडकलेला असो वा अव्वांचा अंगठा, “हुतंय की, टायमानं हुतंय.” असे म्हणताना मात्र त्यांचा डावा हात टेबलाखाली असे. मी एकदा खाली पडलेले टोपण उचलताना पाहिले. त्या स्वतःचा डावा तळहात उघडत होत्या, मिटत होत्या. उघडत होत्या, मिटत होत्या.

दुसरी एक सवय त्यांना लागली. आवारात येणाऱ्या प्रत्येक परगावच्या माणसाला त्या कामाचे विचारून झाले की विचारीत, “पावणं, तुमच्यात कुणाला लकवा झालाय काय? हात आला काय त्यांचा?” एका वेळी हुपरीचे एक चांदीवाले म्हणाले, “माझ्या सासऱ्याचा न्हाय आला बाई. गेला तो गेलाच.” अक्कांनी त्यांचा अर्ज टाइप केला, पण शेवटपर्यंत वर पाहिले नाही. दुसऱ्या वेळी गगनबावड्याकडून आलेले एक म्हातारबा म्हणाले, “आमच्या थोरल्या भावाचा आला की. चवथ्या वर्साला. आता म्हशीचं दावं धरतोय.”

“चवथ्या?” अक्का म्हणाल्या.

“व्हय, चवथ्या. तवर आमी आशा सोडली हुती.”

त्या म्हातारबांना अक्कांनी स्वतः उठून चहा आणून दिला. पुढे पंधरवडाभर त्यांचा चेहरा उजळलेला होता. तेव्हा अव्वांच्या आजारपणास दीड वर्षही झाले नव्हते, म्हणजे चौथ्या वर्षाला अजून पुष्कळ अवकाश होता; त्यांना तो अवकाशच हवा होता.

दिवसा अव्वांपाशी शेजारच्या रजियाभाभी बसत. दुपारी एकच्या सुमारास त्यांचा फोन यायचा: “जेवली. गोळी घेतली.” तो आल्याशिवाय गिरिजाक्का आपला डबा उघडत नसत. अव्वांना साखरेचा विकार होता. पोटात अन्न नसताना गोळी गेली तर काय होईल, ही धास्ती त्यांच्या मानगुटीवर कायम बसलेली. एके दिवशी एक वाजला, दीड वाजला, फोन नाही. यांनी केला तर पलीकडचा फोन बंद. त्या टाइप करीत राहिल्या. मी डोकावून पाहिले. पडद्यावर एकच ओळ चार वेळा उमटलेली होती.

“अक्का, तुम्ही घरी जा.”

“हे संपवून जाते. ती बाई लांबनं आलीया.”

“अहो, तुम्ही तिची एकच विनंती चार वेळा केलीत.”

त्या उठल्या, चप्पल न घालताच फाटकापर्यंत गेल्या, तेवढ्यात दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरून रजियाभाभींचा आवाज आला. अव्वांनी हट्ट धरला होता की आज मी स्वतः फोन लावणार, आणि एका हाताने लावता लावता तो त्यांनी पाण्याच्या घागरीत सोडला होता. “आणि वर मलाच म्हणतीया, घागर हितं कुणी ठेवली!” भाभी सांगत होत्या. अक्का फाटकाच्या खांबाला टेकून इतक्या हसल्या की पहारेकरी उठून आला. मग डबा उघडला, आणि दोन घास खाऊन झाकण लावून टाकले.

त्यानंतर मी संत्री घेऊन त्यांच्या घरी गेलो. सकाळची वेळ होती आणि पूजा चाललेली होती. गिरिजाक्का अव्वांच्या अंगाला अंग लावून बसल्या होत्या. चार हातांपैकी कुठला कुणाचा हे चटकन कळू नये, असे ते बसणे. पूजा संपल्यावर अव्वांनी माझ्याकडे पाहिले.

“कोण? कागदवाला?”

“होय अव्वा. प्रकृती कशी आहे?”

“हात द्याचा ऱ्हायलाय त्यानं. बाकी बरं हाय.” आणि त्यांनी डोळ्यांनी गळ्यातल्या डबीकडे खूण केली. ज्या सुरात माणसे आमच्या आवारात साहेबांविषयी बोलतात, तोच सूर.

परत येताना माझ्या मनाने घेतले की या प्रकरणात अर्ज नाही म्हणूनच ते अडकले आहे. अव्वांची माहेरापासूनची श्रद्धा ज्या मठावर, तेथील स्वामींकडे रीतसर विनंती करावी की डाव्याऐवजी उजव्या तळहातावर पूजेस परवानगी मिळावी. त्यांनी होय म्हटले की अव्वांची अट संपली. मी त्याच दुपारी चार पानी मसुदा तयार केला. आजही सांगतो, इतका भक्कम मसुदा मी फार थोड्या वेळा लिहिला असेल. परवानगी मागावयाची तर कारण बिनतोड हवे, म्हणून तिसऱ्या वाक्यात मी लिहिले होते: ‘अर्जदाराच्या मातोश्रींचा डावा हात आता कायमचा निकामी झाला असून तो पूर्ववत होण्याची कोणतीही शक्यता उरलेली नाही.’

गिरिजाक्कांनी वाचले. बराच वेळ त्यांची पेन्सिल कागदावर टेकलेली राहिली. मग तिसऱ्या वाक्यावर त्यांनी रेघ मारली. एकदा नव्हे, दोनदा. त्यांनी स्वतःचा अर्ध्या पानाचा अर्ज टाइप केला. त्यात एवढेच होते की आईचा हात बरा होईपर्यंत पूजा कशी करावी, ते सांगावे.

“यात जोर नाही,” मी म्हणालो.

“नसू दे.”

तो कागदही त्यांनी पाठवला नाही. खणात ठेवला. मी आठ-पंधरा दिवसांनी विचारी, “दाखल केलात?” त्या म्हणत, “बघू. आज पेला धरवला मुठीत.” माझा हस्तलिखित मसुदा मी माझ्या पिशवीत ठेवून दिला. टाकवला नाही.

श्रावणातली गोष्ट. अव्वांची एक लांबची जाऊ भेटीस आली, पूजा पाहत बसली आणि जाताना म्हणाली, “पोरीच्या हातावर शिव, मग पुण्य तुझं कुठलं? पूजा तिची झाली की.” एवढे बोलून ती बाई एसटीने आपल्या गावी गेली. दुसऱ्या सकाळी अव्वांनी गिरिजाक्कांचा तळहात बाजूला सारला. आपली मूठ पुढे केली. ती उघडेना. पूजा नाही, म्हणून अन्न नाही, पाणी नाही, गोळी नाही.

गिरिजाक्का त्या दिवशी आवारात आल्या नाहीत. पुढल्या सकाळी मी फोन केला. त्यांचा आवाज घसा बसल्यासारखा होता.

“काल सकाळपासनं थेंब न्हाई पोटात, भाऊ. डॉक्टर सलाईन लावा म्हणत्यात, ही सुई लावू देत न्हाई. मी पाया पडले. भांडले. आता माझ्याशी बोलत बी न्हाई.”

“अर्ज द्या, अक्का.”

“कुठला अर्ज घेऊन बसलाय तुमी!” आणि फोन बंद झाला.

मी टेबलावर कापड टाकले आणि मठाकडे निघालो. त्यांचा अर्ध्या पानाचा कागद खणात कुलूपबंद होता, हे खरे. पण खण उघडा असता तरी मी कोणता कागद उचलला असता, याचे उत्तर मला ठाऊक आहे. निघण्याआधी मी माझी चार पाने स्वच्छ नकलून काढली, दोनदा रेघ मारलेल्या वाक्यासह, आणि खाली ‘गिरिजा, अर्जदार, करिता’ असे लिहून स्वतःची सही केली.

मठातले स्वामी तरुण निघाले. त्यांनी चारही पाने शांतपणे चाळली आणि विचारले, “हे बाईंनी वाचलंय?”

“मसुदा त्यांना मान्य आहे,” मी म्हणालो. अर्जनवीसाने जे कधी सांगू नये, ते मी सांगितले.

स्वामी तत्काळ निघाले. दुपारी आम्ही उत्तरेश्वर पेठेत पोहोचलो. अव्वा भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या, ओठ पांढरे झालेले. गिरिजाक्का पायथ्याशी बसल्या होत्या; मला पाहून त्यांना आश्चर्य वाटले, स्वामींना पाहून त्या उभ्या राहिल्या. अव्वाही उजव्या हातावर जोर देऊन उठून बसल्या. स्वामी पाटावर बसले आणि म्हणाले, “अव्वा, तुमच्या लेकीचा अर्ज आलाय माझ्याकडं.” आणि त्यांनी तो मोठ्याने वाचावयास सुरुवात केली.

पहिले वाक्य झाले. दुसरे झाले. तिसऱ्यावर मी थांबवावयास हवे होते. मी थांबवले नाही. ‘कायमचा निकामी’ हे शब्द त्या खोलीत उच्चारले गेले, ‘कोणतीही शक्यता उरलेली नाही’ हेही, आणि तेथे स्वामी स्वतःच थांबले.

अव्वांनी लेकीकडे पाहिले.

“कायमचा?”

 गिरिजाक्कांनी माझ्याकडे पाहिले, एकदाच, आणि मान खाली घातली.

“मग रोज बोटं कशाला सोडवतीस गं माझी? पंचा, पेला कशाला? कुणाला फसवतीस, मला का ह्याला?” आणि त्यांनी गळ्यातली डबी उजव्या मुठीत धरली.

“अव्वा, ते मी लिहिले,” मी म्हणालो. “अक्कांनी ते वाक्य खोडले होते. सहीही माझीच आहे. त्यांना यातले काही माहीत नाही.”

अव्वांनी माझ्याकडे मान वळवली.

“तू डाक्टर हाईस?”

“नाही.”

“सोमी हाईस?”

“नाही.”

“मग कोण रं तू माझा हात मोडीत काढणारा, मुडद्या?”

स्वामींनी कागदाची घडी केली. मला वाटले, ते मला बाहेर जावयास सांगतील. त्यांनी माझ्याकडे पाहिलेच नाही. “अव्वा,” ते म्हणाले, “गिरिजाचा तळहात कुणाचा?”

“तिचा.”

“तिला कुठनं मिळाला?”

अव्वांनी लेकीच्या हाताकडे पाहिले.

“तुमच्या पोटात घडला न्हवं? मग तुमच्याच अंगाचा हाय तो. त्याच्यावर केलेली पूजा तुमचीच. आणि ते पडलं म्हणता, ते उचलून परत गळ्यात घातलंसा तवाच ती गोष्ट मिटली.”

“हे मला धीर द्यायला सांगताय, का खरं हाय?”

“मी खोटं कशाला सांगू, अव्वा?”

अव्वांनी बराच वेळ विचार केला. जणू समोरच्या कागदावर सही करावी की नाही, असा. मग म्हणाल्या, “गिरिजे, पाणी ठेव आंघोळीला. आणि त्या कागदवाल्याला आदी भाईर घाल.”

मी बाहेर पायरीवर बसलो. आत घागरीचा आवाज, मग पाणी पडल्याचा, मग बराच वेळ काहीच नाही. त्या शांततेत मी काय काय कल्पिले, ते येथे लिहीत नाही. अखेर रजियाभाभी दारात आल्या. “खाल्लं,” त्या म्हणाल्या. “दहीभात. आणि खाताना तुमच्या नावानं चाललंय तिचं, बघतीच म्हणती त्या मुडद्याला.”

गिरिजाक्का चार दिवसांनी आवारात आल्या. माझा मसुदा घेतला, टाइप केला, परत दिला. मी वाचला. एकही शब्द कापलेला नव्हता. ‘उपरोक्त’ होते, ‘सबब’ होते, दोन पानांवर पसरलेले वाक्य जसेच्या तसे होते. दुसऱ्या दिवशीही तसेच. तिसऱ्याही. महिन्याभरात माझे दोन अर्ज परत आले. एकावर शेरा होता की अर्जदारास काय हवे याचा बोध होत नाही. मी त्यांना दाखवला. त्यांनी वाचला आणि बाजूला ठेवला. इतकी कठोर शिक्षा मला कुणी कधी केलेली नव्हती.

मी दिलगिरीचे पत्र लिहिले, एकच पान. त्यांच्या टेबलावर ठेवले. त्यांनी ते न उघडता माझ्याकडे परत सरकवले.

“तोंड हाय न्हवं तुमास्नी?”

तेव्हा मी तोंडाने म्हणालो, “अक्का, चुकलो.” हे दोन शब्द मला त्या चार पानांहून अवघड गेले.

त्या पडद्याकडे बघतच बोलल्या. “अव्वाला कळलं ह्याचा राग न्हवता मला. ते वाक्य काय तुमी नवीन लिवलं न्हाईसा, भाऊ. रोज सकाळी बोटं सोडवताना तेच वाक्य माझ्या मनात यायचं, आन् रोज मी ते खोडायची. तुमी ते तिच्यापुढं वाचाय लावलंसा. आता ती हात पुढं करती तवा आदी माझ्या तोंडाकडं बघती. मी खरं करतीया का खोटं, ते.”

 मग त्यांनी माझा मसुदा ओढून घेतला आणि पहिल्याच ओळीवर पेन्सिलीची आडवी रेघ मारली. तो कागद मी घरी नेला.

अव्वांनी मात्र स्वामी येऊन गेले त्या दुपारपासून व्यायामाची वेळ स्वतः वाढवून घेतली. फिजिओच्या मॅडम म्हणत, इतक्या दिवसांनी फार फरक पडेल असे सांगता येत नाही. अव्वा म्हणत, “ही बी कागदवालीच दिसती.” कधी पेला धरला जाई, कधी आठवडा आठवडा बोट हलत नसे, एकदा तापानंतर मूठ पुन्हा पहिल्यासारखी आवळली आणि रुमालापासून सुरुवात करावी लागली. त्या दिवसांत अक्का “हुतंय की” म्हणत नसत. नुसत्या टाइप करीत.

त्या श्रावणानंतर अडीच वर्षे उलटली. बरीचशी कामे ऑनलाइन होऊ लागली होती, आवारातली गर्दी ओसरत चालली होती, आणि अव्वांना गावची ओढ लागली होती. गिरिजाक्कांनी भावाकडे जाण्याचे ठरवले. निघण्याच्या सकाळी मी सामान चढवण्यास मदत करावी म्हणून उत्तरेश्वर पेठेत गेलो. टेम्पो गल्लीच्या तोंडाशी उभा होता, भांड्यांची पोती दारात. दार अर्धे लोटलेले होते. हाक मारण्यासाठी तोंड उघडले आणि तसाच थांबलो.

रिकाम्या खोलीत अव्वा पाटावर बसल्या होत्या, पाठीशी वळकटी. डावा हात समोर धरलेला. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट अद्याप आत वळलेलेच होते; हात सरळ मुळीच नव्हता. पण मध्ये खळगा झाला होता आणि त्या खळग्यात लिंग होते. हात थरथरत होता. गिरिजाक्कांचा तळहात त्याच्याखाली होता, पण टेकलेला नव्हता. बोटभर जागा होती मध्ये. अव्वांचा हात किंचित खाली गेला की अक्कांचाही तेवढाच खाली जाई. वर आला की वर. अव्वांची नजर लिंगावर होती. अक्कांची अव्वांच्या मनगटावर. 

“काढ की गं हात तुझा,” अव्वा वर न बघता म्हणाल्या.

“काढलाय,” गिरिजाक्का म्हणाल्या, आणि हात तिथेच ठेवला.